हसायचे नाही! – सासूबाईंच्या डोळ्यासाठी केलेला मुंबईचा प्रवास

मुंबईहून परत आल्यापासून आमच्या आळीतल्या बायका मला अडवून विचारतात, राणीचा बाग पाहिलास का, मुंबादेवीला गेलीस का, ट्रामगाडीत बसलीस का. ट्रामगाडी पाहिली. तिला दोन घोडे ओढतात आणि ती लोखंडी रुळांवरून सुतासारखी सरळ जाते. एवढे सांगितले की माझी मुंबई बरीचशी संपते. कारण मी तिथे राहिले त्यातले बहुतेक दिवस गिरगावातल्या एका चाळीत, खिडकीला जाड पडदा लावलेल्या खोलीत गेले. तरी त्या प्रवासाची आठवण काढल्यावाचून माझा दिवस जात नाही. म्हणून ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

गिरगाव

सासूबाईंना दोन वर्षांपासून दिसेनासे झाले होते. आधी तांदळातले खडे दिसेनात, मग माणसे आवाजावरून ओळखू लागल्या. मामंजींनी मुंबईच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची चौकशी केली आणि दिवाळी झाल्यावर मालवणहून आगबोटीने आम्हा दोघींना पाठवले. सोबत धाकटे दीर होते. ते आम्हाला पोचवून परत गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, आईला सांभाळून आणा. घर तिच्यावर उभं आहे." यात खोटे काहीच नव्हते. अकरा माणसांचे घर, नारळाची बाग, देवाधर्माचे, आल्यागेल्याचे, सगळे सासूबाई पाहत. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून त्यांना मी कधी रिकाम्या बसलेल्या पाहिले नव्हते. हसतानाही पाहिले नव्हते. त्या रागीट नव्हत्या. कामात असत, एवढेच.

गिरगावात आम्ही उतरलो ते त्यांच्या धाकट्या बहिणीकडे. बनूमावशी म्हणजे ठेंगणी, स्थूल, गोऱ्या कपाळावर रुपयाएवढे कुंकू. जिन्यातच तिने सासूबाईंना मिठी मारली आणि म्हणाली, "अक्का, किती गो वाळलीस! अगदी सुकवलेला बोंबील!" मी तर लाजेने मेले. आमच्या घरी सासूबाईंना असे बोलण्याची कुणाची छाती नव्हती. सासूबाईंनी मात्र मावशीचा हात वर खोलीत पोचेपर्यंत सोडला नाही.

मावशीच्या तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एका खाटेवर तिचे यजमान पडून होते. त्यांना आम्ही काका म्हणतो. एका जुन्या प्रभू जमीनदाराकडे ते कारकून होते. चार वर्षांमागे अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवे अंग गेले आणि बोलणेही जड झाले. मूलबाळ नाही. मावशीने खाणावळ घातली. कचेऱ्यांतले कारकून आणि कॉलेजचे विद्यार्थी सकाळी नवाच्या सुमारास आणि संध्याकाळी तिच्याकडे जेवायला येतात. पहाटे उठायचे, काकांचे सगळे करायचे, मग कोळणीकडून मासे घ्यायचे, वाटण वाटायचे, पंगत वाढायची. आमच्याकडे पानात बांगडा, तर तिच्याकडे बोंबील. इतका मऊ मासा मी कधी खाल्ला नव्हता. हातात घेतला की बोटांतून निसटतो.

अशा घरात मला वाटले होते, गेल्याबरोबर रडगाणे ऐकायला मिळेल. पण दुपारी भांडी घासून झाली, तशी चाळीतल्या चार बायका तांदळाची सुपे घेऊन सज्जात जमल्या आणि मावशीने नकला सुरू केल्या. सबनीस नावाचे एक कारकून भाताचा बांध घालून मध्ये आमटी कशी अडवतात, देसाई नावाचा विद्यार्थी घासाघासाला इंग्रजी कसे पाठ करतो. बायका हसून हसून लोळत होत्या. खाटेवरून काकाही हसत होते. त्यांचे अर्धेच तोंड हसते. तेवढ्याने मावशीचे समाधान होत होते.

मला मात्र ते बरे वाटले नाही. नवरा असा खाटेवर, आणि ही खिदळते काय! दुसऱ्या दिवशी वाटण वाटताना मी विचारलेच, "मावशी, तुम्हाला एवढं हसू येतं तरी कसं?"

तिचा हात पाट्यावर थांबला. "येत नाही गो मुली. बोलावून आणते." मग पुन्हा वाटू लागली. "पहिलं वर्ष मी नुसती रडत होते. मी रडले की हे रडत. एकदा पंगतीत सबनीसांचा बांध फुटला, तो प्रकार ह्यांना सांगितला, तर हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. त्या दिवशी ठरवलं, रोज भात रांधते तसं हेही रांधायचं. कुणीतरी रांधायला हवंच ना?"

अंधारातले दिवस

डॉक्टर पारशी होते. उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी घरीच येऊन शस्त्रक्रिया करायचे कबूल केले, पण उजेड भरपूर हवा म्हणाले. भरपूर उजेडाची जागा घरात एकच, काकांची खिडकी. चार वर्षे काकांनी जग पाहिले ते त्या खिडकीतून. खालची ट्राम, नारळवाला, शाळेला जाणारी मुले. मावशी त्यांना विचारायला कचरत होती. काकांनीच डाव्या हाताने खाट थोपटली आणि सासूबाईंकडे बोट केले. काकांना मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवले.

डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला. मी सासूबाईंचे पाय धरून बसले होते. त्यांनी हूं की चूं केले नाही. घटकाभरात डोळ्यातला मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बसली, खिडकीला जाड पडदा लागला, आणि डॉक्टर हात धूत मला म्हणाले, "बाई, आता सगला तुमच्यावर हाय. उताणा झोपून ऱ्हायचा. मान हलवायची नाय. खोकायचा नाय, शिंकायचा नाय, रडायचा नाय. आणि हसायचा तर बिलकुल नाय! जखम उघडली तर डोला गेला."

हे ऐकून मावशीचे तोंड एवढेसे झाले. डॉक्टर गेल्यावर मीच तिला हात जोडून म्हटले, "मावशी, पट्टी निघेपर्यंत तुम्ही त्यांच्याशी बोलूच नका. तुम्ही तोंड उघडलंत की माणसाला हसू येतं."

"खरंय गो," ती म्हणाली. "मी जवळ जातच नाही." आणि तिने ते पाळले. सज्जातली बैठक बंद झाली. पंगतही मुकाट जेवायची. सबनीसांना तर आमटी भुरकण्याची चोरी झाली. शेजारणी चवड्यांवर चालत जायच्या. घरात कुणी गेल्यासारखे वाटे. मी पेज आणि दूध चमच्याने भरवी, पंख्याने वारा घाली आणि मनात म्हणे, चला, नीट चालले आहे.

पण नीट चालले नव्हते. दोन दिवस सासूबाई शांत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मला ओळखेनात. "बोट लागली का गो?" म्हणाल्या. मी म्हटले, आपण मावशींकडे आहोत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग त्यांना वाटू लागले की त्या आमच्या स्वयंपाकघरात आहेत. "चुलीवर दूध आहे. उतू जाईल. मला उठू द्या." मी खांदे दाबून धरले. "गडी आलेत बागेत, त्यांची न्याहारी राहिली. कोण देणार? सोड मला!" आणि त्यांचा हात पट्टीकडे गेला. मी दोन्ही मनगटे धरली. पाणी खेचून खेचून घट्ट झालेले ते हात! मला आवरेनात. एक बोट पट्टीखाली शिरले, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच निघाली, "मावशी!"

मावशी पिठाच्या हातांनी धावत आली. तिने माझ्या हातातून सासूबाईंचा हात काढून घेतला, आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खाली बसली.

"अक्का, मी बनू. आजोबा पूजेला बसलेत. हलायचं नाही."

सासूबाई थबकल्या. मावशी त्याच सुरात म्हणाली, "आरती चाललीय. आजोबांचा सूर गेलाय. तू माझ्याकडे बघू नकोस, मी तुझ्याकडे बघत नाही. समोर देवाकडे बघ."

सासूबाईंचा हात हळूहळू सैल पडला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बनू? तू इतके दिवस कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. तुझ्या सुनेनं तोंडाला कुलूप घातलंय माझ्या."

मग मला कळले ते असे. त्यांचे आजोबा फार कडक होते. पूजेच्या वेळी ते मोठ्याने आरती म्हणत आणि सूर भलतीकडे जाई. नातींनी समोर बसायचे. हसले तर त्या दिवशी जेवण नाही. म्हणून दोघी बहिणी न हसता हसायला शिकल्या होत्या. तोंड देवाच्या मूर्तीसारखे ठेवायचे आणि पदराखाली एकमेकींची बोटे दाबायची. जेवढे जास्त हसू, तेवढे जोरात दाबायचे.

"अजून जमतं का तुला?" मावशीने विचारले.

"तूच सांग." सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटले, "मावशी, नको! डोळा जाईल." मावशी माझ्याकडे पाहून म्हणाली, "सूनबाई, तू तिच्या तोंडावर नजर ठेव. गाल जरी हलला तरी मला थांबव." आणि सरकारी हुकूम वाचावा तशा कोरड्या आवाजात तिने सुरुवात केली.

"काल सकाळी सबनीसांनी भाताचा बांध घातला. बांध पक्का होता. आमटी आली. सबनीस देसाईंशी खुणांनी बोलण्यात गुंतले. उत्तर बाजूनं बांध फुटला. देसाईंच्या पानात पूर आला. कोशिंबीर वाहून गेली. लोणचं बेटासारखं राहिलं. देसाई त्या बेटाकडे बघत इंग्रजीत काहीतरी म्हणाले."

सासूबाईंचे तोंड दगडाचे. ओठ हलला नाही, गाल हलला नाही. पण त्यांच्या बोटांनी मावशीची बोटे अशी आवळली होती की ती पांढरी पडली. मावशीचेही तोंड दगडाचे. दोघींना पाहून मलाच हसू फुटले, आणि पदराचा बोळा तोंडात घालून मी मागच्या खोलीत पळाले. तिथे काका अंधारात पडले होते. त्यांनी भुवई उंचावून विचारले, काय झाले? मी पूर, कोशिंबीर, बेट, सगळे सांगितले. तेही हसले. मग मी तिथेच बसून रडले. का ते तेव्हा कळले नाही.

त्या दिवसापासून भांडी झाली की मावशी सासूबाईंपाशी बसे, बोटांत बोटे घालून. मला राहून राहून धाकधूक होई. पण त्यानंतर सासूबाईंना ना बोट आठवली, ना चुलीवरचे दूध. त्या पडल्या पडल्या दुपारची वाट पाहत.

डॉक्टरांनी पट्टी काढली, तेव्हा खोलीत पडदा अर्धाच सरकवला होता. त्यांनी बोटे दाखवली. सासूबाईंनी बरोबर मोजली. मग त्यांनी मान वळवली आणि पहिल्यांदा मावशीला पाहिले. खूप वेळ पाहिले. म्हणाल्या, "बनू, म्हातारी झालीस गो."

"मी काय करू?" मावशी म्हणाली. "तूच बघायला उशीर केलास."

लालबागचा खड्डा

डॉक्टरांनी निळा चष्मा दिला. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पण आता फिरले, बोलले, हसले तरी चालेल म्हणाले. काकांची खिडकी त्यांना परत मिळाली. सासूबाई त्यांच्याजवळ बसत आणि दोघे मिळून रस्ता पाहत. एके दिवशी काकांनी मोठ्या कष्टाने शब्द जुळवून सांगितले की खाली दिसते तेवढीच मुंबई आता आपल्याला माहीत, पलीकडची विसरायला झाली.

सासूबाईंनी संध्याकाळी मावशीला सांगितले, "उद्या भावोजींना बाहेर न्यायचं."

आणि आजवर सगळ्यांना हसवणारी मावशी एकदम गंभीर झाली. "कसं जमेल अक्का? त्यांना उचलायचं कुणी? संध्याकाळची पंगत आहे. आणि लोक बघतील गो. ते असे वाकडे बसलेले…"

"बघू देत. मी आत्ता कुठे बघायला लागल्येय. बघण्यात किती सुख असतं ते मला विचार."

सकाळचे जेवण करून कचेरीला, कॉलेजला जाण्यापूर्वी सबनीस, देसाई आणि आणखी दोघांनी काकांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. संध्याकाळी पुन्हा वर नेऊ आणि रात्री पोह्यांवर भागवू, असे त्यांनीच सांगितले. काकांच्या जुन्या धन्यांची दादरला वाडी होती, तिथे जायचे ठरले. भांडी उरकून मग घोडागाडी केली. काका आणि मावशी एका बाजूला, सासूबाई आणि मी समोर.

भायखळा मागे पडला तशी मुंबई बदलली. गिरगावात घराला घर चिकटलेले, तर इथे मोकळी जागा, आंब्याची झाडे, आणि त्यांच्यावरून डोकावणाऱ्या गिरण्यांच्या चिमण्या. धुराने आभाळ काजळून निघाल्यासारखे दिसत होते. सासूबाई सारख्या विचारत, हे काय, ते काय. काका डाव्या हाताने दाखवत आणि मावशी त्यांचे तुटके शब्द जोडून सांगे.

लालबागेत रस्त्याच्या कडेला गटाराचे खोदकाम चालले होते. समोरून गिरणीच्या कापसाने भरलेला खटारा आला, घोडा बुजला आणि आमच्या गाडीचे चाक धाडकन खड्ड्यात गेले. गाडी एका अंगावर कलली. मावशीने काकांना कवटाळले. मी सासूबाईंना. गाडीवान म्हणाला, सगळ्यांनी उतरा, त्याशिवाय चाक निघणार नाही. पण काकांना उतरवणार कसे?

दुपारची सुट्टी होती. गिरणीच्या फाटकाबाहेर कामकरी भाकऱ्यांची फडकी सोडून बसले होते. घाबरून मी सासूबाईंना आमच्या बोलीत काही म्हटले, तसा एकजण घास टाकून उठला. अंगभर कापूस चिकटलेला.

"तुमी खयसून इलात गो बाये?"

"मालवणसून," मी म्हटले.

"मगे सांगाक नको? आमी देवबागचे!" त्याने मागे वळून हाक दिली, आणि दहाबारा माणसे हात झटकत आली. त्याने आत पाहिले, काका दिसले. आवाज खाली आणून म्हणाला, "कोण उतरू नकात. बसान रवा. आमी उचलतंव."

आणि आम्हा चौघांसकट त्यांनी गाडी उचलली. घोडा नुसता पाहत राहिला. गाडी त्यांच्या हातांवर हलत डुलत रस्त्याकडे निघाली, तसे काका काहीतरी बोलू लागले. मावशीने कान जवळ नेला. तिचे डोळे मोठे झाले.

"काय म्हणतात?" सासूबाईंनी विचारले.

"म्हणतात, लग्नात पालखी मागितली होती, सासऱ्यांनी दिली नाही. आज पावली."

ते ऐकून देवबागचा माणूस हसला, त्याचे सोबती हसले, आणि त्यांच्या वरताण एक आवाज उठला. खणखणीत, न थांबणारा. मला क्षणभर कळले नाही तो कुणाचा. सासूबाई मागे रेलून, भर रस्त्यात, परक्या पुरुषांसमोर हसत होत्या. हसता हसता त्यांनी एकदम डोळ्यावर हात नेला. गाडी माणसांच्या हातांत तशीच राहिली.

"अक्का?" मावशीने घाईने विचारले. "दिसतंय ना?"

सासूबाईंनी हात काढला. चष्मा सरळ केला. एकेकाकडे पाहिले. "दिसतंय," म्हणाल्या. "तुमची सगळ्यांची घाबरलेली तोंडं दिसतायत!" आणि पुन्हा त्यांना हसू लोटले.

दादरची वाडी

दादरला गेल्यावर वाटले, मुंबई संपून आपले गाव लागले. नारळ, केळी, विहिरीवर चालणारा रहाट. वाडीच्या माळ्याने काकांना ओळखले आणि त्यांच्यासाठी झाडाखाली घोंगडी घातली. आम्ही दडपे पोहे आणि शहाळी खाल्ली. काका आभाळाकडे पाहत पडून राहिले, आणि मावशी त्यांच्या उशाशी बसल्या बसल्याच झोपली. भर दुपारी तिला झोपलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. झोपेत तिचे तोंड फार थकलेले दिसत होते.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिला उठवू नकोस." मग थोड्या वेळाने, "मला हसायला कुणी मनाई केली नव्हती गो. तुझ्या मामंजींनीसुद्धा नाही. काम आधी उरकू आणि मग हसू, असं म्हणत राहिले. काम काही उरकलं नाही."

मी त्यांच्याच पावलावर पाऊल टाकत होते.

घरी

निघताना मावशी धक्क्यापर्यंत आली नाही. पंगत होती. जिन्यातच दोघी बहिणी उभ्या राहिल्या, तोंडे दगडाची करून, बोटांत बोटे घालून. मी आधी खाली उतरले.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळी कामे पुन्हा हातात घेतली. तांदळातला एक खडा आता त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण दुपारी भांडी झाली की त्या मला आणि जावांना स्वयंपाकघरात बसवतात. पहिल्या दिवशी जावा भेदरून बसल्या होत्या, काय चुकले म्हणून. आता त्याच कामे भराभर उरकतात.

परवा सासूबाईंनी मामंजींची नक्कल केली. मामंजी पाणी मागण्याआधी ओसरीवर कसे खाकरतात, आणि ते खाकरणे ऐकून घरातली माणसे कशी धावतात. आम्ही हसत असतानाच मामंजी दारात येऊन उभे राहिले. कधीपासून उभे होते, देव जाणे. आमचे हसू जागच्या जागी गोठले. जावांनी पदर पुढे ओढले. मला वाटले, आता ही बैठक संपली.

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिले. "मी असा खाकरतो?"

सासूबाईंनी चष्मा नीट केला. "ह्याहून मोठ्यानं," म्हणाल्या.

मामंजी वळले आणि ओसरीवर निघून गेले. झोपाळ्याची कडी वाजली. मग सबंध घर दणाणेल, बागेतले कावळे उडतील, असे एक खाकरणे ओसरीवरून आले. थोडे थांबून, त्याहूनही मोठे, दुसरे.

पाणी कुणीच मागितले नव्हते.